लिमिटमध्ये आहे ना?

परवा रात्री पावणेदोनला फोन वाजला. आमच्याकडे अवेळी फोन वाजला की आधी ही दचकून उठते, मग मी, आणि फोन हातात घेईपर्यंत दोघांच्याही डोक्यात नात्यातल्या सगळ्या ऐंशीच्या पुढच्या मंडळींची यादी फिरून येते. पण फोन भाच्याचा होता. पोराला लायसन्स मिळून जेमतेम वर्ष झालंय. कंपनीचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. रात्री एक विमान मुक्कामाला येतं, हा ते तपासतो, आणि पहाटे ते परत जातं. तपासणारा हा एकटाच.

"मामा, टायरला कट आहे."

"किती?"

"तेच तर. गेज लावला तर लिमिटवर येतंय. एका बाजूने बॅटरी मारली की आतला दोरा दिसतो, दुसऱ्या बाजूने मारली की नाही दिसत. स्पेअर चाक इथे नाहीये. सकाळच्या दुसऱ्या फ्लाइटने येईल. वरून तीन फोन आले. लिमिटमध्ये आहे ना, मग सोड म्हणतात."

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी: विमानाच्या टायरला बारीकसारीक कट पडतातच. किती खोल चालतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आतले दोरे दिसले की मात्र चर्चा संपली, चाक काढायचं. भाचा विचारत होता की दोरा दिसतो की नाही. आता वाशिंदला अंथरुणात बसून मला कसा दिसणार? फोटो पाठवला त्याने. फोटोत काळा टायर आणि त्याचा अंगठा.

मी एवढंच म्हटलं, "तुला जे दिसलं ते आधी लॉगबुकात लिही. पेनाने. मग फोन घे सगळ्यांचे."

त्यानंतर झोप कसली येतेय. पहाटेपर्यंत आढ्याकडे बघत जे जे आठवलं ते आज लिहून काढतोय. विस्कळीत होणार, सांभाळून घ्या.

आधी या सहीबद्दल. विमान आकाशात जाण्याआधी ते उडण्यालायक आहे अशी सही लागते. ती कंपनीची नसते, माणसाची असते. आपल्याकडे हे १९३७ च्या विमान नियमांपासून चालत आलं. त्यातला ६१ वा नियम विमान देखभाल अभियंत्याच्या, म्हणजे आमच्या भाषेत एएमईच्या, लायसन्सचा. पगार कंपनी देते, हँगर कंपनीचं, पाना कंपनीचा, पण लायसन्स सरकारने त्या माणसाच्या नावावर दिलेलं. म्हणजे नोकर असूनही सहीपुरता तो कोणाचाच नोकर नाही. ज्याने कोणी ही रचना केली त्याला माणसाचा स्वभाव चांगला कळत होता. अर्थात कागदावर हे फार सोपं आहे. पहाटे चार वाजता, दीडशे माणसं विमानात बसलेली असताना, तो पगारवालाच समोर उभा असतो.

मला नेहमी वाटायचं की ही घाईगर्दी नव्या कंपन्यांची देणगी. तसं नाही. आपल्या विमानसेवेला वक्तशीरपणाचा अभिमान पहिल्या दिवसापासून आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. दोन पुस मॉथ विमानं, झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, एक अर्धवेळ इंजिनीअर आणि दोन शिकाऊ मेकॅनिक, एवढा सगळा संसार. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं म्हणून बिऱ्हाड पुण्याला हलवायचे. आणि तरी पहिल्या वर्षाचा हिशोब काय, तर शंभर टक्के वेळेवर! सरकारी वार्षिक अहवालात त्याचं कौतुक छापून आलं. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे वेळ पाळणारे, विमान चालवणारे आणि पाना फिरवणारे एकाच शेडमध्ये होते. उशीर नको असणारा आणि विमानात बसणारा माणूस एकच होता. पुढे हे दोघे वेगवेगळ्या इमारतींत गेले, आणि मधे टेलिफोन आला.

आमच्या घरात हा विषय माझ्यापासून सुरू झालेला नाही. बाबा रेल्वेत टीएक्सआर होते, कल्याणला. डबे तपासून गाडीच्या ब्रेकचं सर्टिफिकेट द्यायचं हे त्यांचं काम. आमचं वाशिंद म्हणजे रेल्वेचंच गाव. १८५५ मध्ये कल्याणपासून रूळ इथवर आले आणि पुढची काही वर्षं गाडी इथेच संपायची. पुढे कसाऱ्याचा घाट होता, तो फोडायला वेळ लागला. घाटातून उतरणाऱ्या गाड्या आधी इगतपुरीला थांबवून ब्रेक तपासतात हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. बाबा घरी फारसं बोलत नसत. पण एखाद्या रात्री उशिरा आले, जेवले नाहीत, आणि आईने विचारलं तर "आज गाडी धरली" एवढंच म्हणायचे. गाडी धरली म्हणजे फिट दिली नाही. आई पुढे काही विचारत नसे. ताट झाकून ठेवायची.

माझी स्वतःची "गाडी धरली" ची गोष्ट सांगतो. ऐंशीचं दशक संपता संपता. मुंबईत रात्रपाळी होती. पहाटेच्या पहिल्या फ्लाइटचं विमान. डाव्या चाकाजवळ ब्रेकच्या हायड्रॉलिक होजचं टोक ओलं दिसलं. पुसलं, प्रेशर दिलं, घड्याळ लावून थेंब मोजले. (हो, थेंब मोजतात. मिनिटाला किती चालतात त्याचीही लिमिट असते.) एकदा मोजले तर बरोबर लिमिटवर. पुन्हा मोजले तर एक कमी. तिसऱ्यांदा पुन्हा लिमिटवर. होज बदलायचा तर अडीच-तीन तास. नवा होज, मग हवा काढणं, मग पुन्हा गळती तपासणं.

ड्यूटी मॅनेजर आले. वाईट माणूस मुळीच नाही. माझ्या लग्नाला वाशिंदपर्यंत आलेले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, लिमिटमध्येच आहे ना?"

हे वाक्य मी पुढच्या तीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की त्याची एक वेगळी चाल माझ्या कानात बसलीय. 'ना' वर जोर. तो प्रश्न नसतोच. आणि खोटंही नसतं, हीच तर गोम. सरळ खोटं बोलायला सांगितलं तर शंभरातले नव्वद नाही म्हणतील. इथे कोणी खोटं बोलायला सांगत नाही. तीनदा मोजल्यावर जो आकडा सोयीचा आला तो धरा, इतकंच म्हणतात.

मी लॉगमध्ये लिहिलं: होज गळतो, बदलणे. मग सहा वाजले, पाळी बदलली. पुढच्या इंजिनीअरने पुन्हा थेंब मोजले, त्याला लिमिटच्या आत सापडले, त्याने सही केली आणि विमान पस्तीस मिनिटं उशिरा गेलं. व्यवस्थित गेलं, व्यवस्थित आलं. दोन दिवसांनी ठरलेल्या तपासणीत होज बदलला. मला एक मेमो मिळाला, विनाकारण विलंब केल्याबद्दल. पुढच्या इंजिनीअरचं काही चुकलं का? मोजणीप्रमाणे नाही. माझं? ते आजही ठाऊक नाही. तो होज कचऱ्यात गेला, कोणी कापून बघितला नाही.

ही गोष्ट मी जवळजवळ विसरलो होतो. २००२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अपघाताचा चौकशी अहवाल आला. पुढे आमच्या ट्रेनिंगमध्ये त्याची उजळणी झाली तेव्हा वाचता वाचता अंगावर काटा आला.

अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान. ३१ जानेवारी २००० ला मेक्सिकोहून निघून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. ८८ माणसं गेली. शेपटीवरचा आडवा पंख वरखाली करणारा एक लांब स्क्रू असतो, साधारण जीपच्या जॅकसारखा. तो ज्या नटमधून फिरतो तो नट जरा मऊ धातूचा. त्याला ग्रीस मिळालं नाही तर त्याची मळसूत्रं झिजत जातात. इथे ती संपलीच, आणि शेपटी पायलटच्या ताब्यात राहिली नाही. ग्रीस लावायचा कालावधी कंपनीने टप्प्याटप्प्याने वाढवत १९९६ मध्ये आठ महिन्यांवर, म्हणजे सुमारे अडीच हजार तासांवर नेला होता. सरकारी खात्याच्या संमतीने, हेही सांगायला हवं. सगळं लिमिटमध्ये.

पण काटा आला तो याने नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये हेच विमान ओकलंडच्या हँगरमध्ये मोठ्या तपासणीला होतं. त्या नटमधला ढिलेपणा मोजला तर ०.०४० इंच, म्हणजे साधारण एक मिलिमीटर. लिमिटसुद्धा बरोबर तेवढीच. लीड मेकॅनिक होते जॉन लिओटिन. त्यांच्या पाळीत कार्डावर नोंद झाली: ढिलेपणा कमाल मर्यादेवर, नट बदलणे. मग पाळी बदलली. विमान सुटायची तारीख जवळ आलेली. दुसऱ्या पाळीने तीच मोजणी पुन्हा पुन्हा केली, आकडा ०.०३३ आला, नट तसाच ठेवून विमान सोडलं. त्यानंतर ते दोन वर्षं चार महिने उडत होतं.

पुढच्याच वर्षी लिओटिन सरकारकडे गेले. त्यांची तक्रार या नटची नव्हती. न झालेल्या कामांवर सह्या होतात, ही होती. चौकशी लागली, त्यांनी अंगावर ध्वनिमुद्रक लावून पुरावेही दिले. कंपनीने त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, आणि ते घरी बसलेले असताना विमान पडलं. नंतर खटला, तडजोड, आणि नोकरीला रामराम.

नवा नट बसला असता तरी ग्रीसशिवाय तोही झिजलाच असता, असं म्हणणारे आहेत. असेलही. मला दिसतो तो तीस वर्षांच्या नोकरीत हजारदा पाहिलेला देखावा: नकोशा आकड्याची पुन्हा मोजणी. सोयीचा आकडा आला तर पुन्हा कोणी मोजत नाही.

दुसरं उदाहरण विमानाचं नाही, पण सहीचंच आहे. चॅलेंजर यान. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनीअरांनी सांगितलं की एवढ्या थंडीत रबरी रिंगांचा भरवसा नाही, उडवू नका. उड्डाण आधीच पुढे ढकलत आणलेलं. नासाची नाराजी. मग कंपनीच्या वरिष्ठांनी आपसात बैठक घेतली, आणि तिथे एका अधिकाऱ्याला इंजिनीअरची टोपी काढून मॅनेजरची घालायला सांगण्यात आलं. संमतिपत्रावर सही लागणार होती. कंपनीचे अ‍ॅलन मॅकडोनाल्ड प्रत्यक्ष प्रक्षेपणस्थळी हजर होते. त्यांनी सही नाकारली. मग त्यांच्या वरिष्ठांनी युटाहून सही करून फॅक्स पाठवला. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. मॅकडोनाल्डनी चौकशी आयोगासमोर हे उभं राहून सांगितलं. कंपनीने त्यांना खालच्या जागी बसवलं, अमेरिकन काँग्रेस मधे पडली, आणि शेवटी त्या जोडाची नवी रचना करायचं काम त्यांच्याकडेच आलं. २०२१ मध्ये गेले.

या दोघांची नावं आपल्याला का माहीत आहेत? कारण त्यांनी नाही म्हटल्यावरही ते विमान, ते यान उडालं. ज्यांचं 'नाही' ऐकलं गेलं त्यांची नावं कुठेच नाहीत. विमान उशिरा निघालं, लोकांनी शिव्या घातल्या, होज बदलला, संपलं. न झालेल्या अपघाताची चौकशी समिती बसत नाही. बाबांनी धरलेल्या गाड्यांपैकी खरंच किती गाड्या घाटात सुटल्या असत्या? कदाचित एकही नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मामा मोठे बाणेदार. तर ऐका.

१९९४ चा पावसाळा. पुन्हा रात्रपाळी. चाक बदललं होतं, टेक्निशियनने नट टॉर्क केला, आणि तो टॉर्क मी स्वतः बघायचा होता. टेक्निशियन म्हणाला "साहेब, झालंय." चांगला माणूस, पंधरा वर्षांचा अनुभव. सात वाजत आले होते. सांताक्रूझहून दादर, दादरला पूल ओलांडून कसारा लोकल. ती चुकली की पुढची तास-सव्वा तासाने. त्या दिवशी धाकटीचा ताप उतरत नव्हता आणि डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी सही केली. न बघता.

कोणी खांद्यावर हात ठेवला नाही, कोणी फोन केला नाही. वेळापत्रक कंपनीचं नव्हतंच, मध्य रेल्वेचं होतं!

लोकल मिळाली. ठाणे जाईपर्यंत ठीक होतो. कल्याणला घाम फुटला. वाशिंदला उतरून घरी न जाता आधी एसटीडी बूथवर गेलो आणि हँगरला फोन लावायला लागलो. तो लागेपर्यंतचा अर्धा तास मी इथे लिहू शकणार नाही. विमान तोवर गेलेलं. पुढच्या विमानतळावर आमचा एक जुना सहकारी होता, त्याला निरोप गेला, त्याने उतरल्या उतरल्या पाना लावून बघितलं. टॉर्क बरोबर होता. टेक्निशियनने काम चोख केलं होतं. मी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा मिळालेला मेमो मात्र विनाकारण नव्हता.

म्हणून ब्रिटिश एअरवेजच्या बर्मिंगहॅमच्या प्रकरणात लोक त्या मॅनेजरला हसतात तेव्हा मी हसत नाही. जून १९९०. रात्री माणसं कमी, म्हणून पाळीच्या मॅनेजरने पायलटसमोरची काच स्वतःच बदलली. जुन्या बोल्टांशी नुसते डोळ्यांनी जुळवून नवे आणले. नव्वदपैकी ८४ बोल्ट अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त बारीक निघाले. काम त्याचं, सहीही त्याचीच, तपासायला दुसरं कोणी नाही. १० जूनला हवेत काच उडाली आणि कॅप्टन कंबरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचला, हे अजूनही खरं वाटत नाही.

आपल्याकडे या सहीची ताकद एकदा सगळ्या देशाने पाहिली. २०१२ मध्ये किंगफिशरच्या इंजिनीअरांना मार्चपासूनचे पगार मिळाले नव्हते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कंपनीची उरलीसुरली विमानं जागेवर बसली. २० ऑक्टोबरला डीजीसीएने परवाना स्थगित केला. तेव्हा पेपरात वाद झाला की हा पगाराचा लढा, त्यात सुरक्षेचं काय? मला हा वाद कळला नाही. सहा-सात महिने किराणावाल्याला तोंड चुकवणारा माणूस रात्री तीनला थेंब नीट मोजेल का, हाच सुरक्षेचा प्रश्न आहे.

आणि २०२२ च्या जुलैत तर डीजीसीएनेच लेखी मान्य केलं. लागोपाठ बिघाड झाल्यावर अचानक तपासण्या झाल्या. त्यांत काय दिसलं? इंजिनीअर अपुरे. थोड्या थोड्या अंतराने विमानं येतात-जातात आणि सही करणारा हजर नाही. बिघाडाचं कारण नीट शोधलं जात नाही. 'एमईएल'वर विमान सोडण्याचं प्रमाण वाढतंय. हे एमईएल म्हणजे अमुक उपकरण बंद असलं तरी अमुक दिवस उडायला परवानगी, कशाला तीन दिवस, कशाला दहा. उपयोगी व्यवस्था आहे, तिच्याशिवाय कुठलीच विमानसेवा चालणार नाही. पण उधारीची वही असते तशी ती. मुक्कामाच्या लहान ठिकाणी पूर्ण लायसन्सवाला इंजिनीअरच हवा, असा आदेश तेव्हा निघाला. आमचा भाचा त्या रात्री तिथे होता तो अशाच एका खुर्चीवर.

सकाळी साडेआठला त्याचा फोन आला. मी अंगणात माहुलीकडे तोंड करून चहा घेत बसलो होतो. चहा म्हणजे तिसरा.

"मामा, चाक बदललं. विमान आत्ता गेलं. साडेतीन तास लेट."

"काय निघालं?"

"काही नाही. टायर पाठवून दिला. कट होता तेवढाच होता. दोरा मला अजून नक्की सांगता येत नाही."

"लॉगमध्ये लिहिलं होतंस?"

"तू म्हणालास तेव्हाच." मग जरा थांबून म्हणाला, "खाली एक आजोबा भेटले. माझा युनिफॉर्म बघून माझ्यावरच ओरडले. त्यांची पुढची फ्लाइट चुकली, मुलीकडे बारसं होतं म्हणे. मला काही बोलताच येईना. काय सांगणार होतो मी त्यांना?"

"काही नाही," म्हटलं. "खाल्लंस का काही?"